पाच किलोचं विमान

आमच्या बेसमेंटच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाची एक प्लायवूडची फळी लावलेली आहे. तिच्यावर पक्कड, कातरी, कानस, स्क्रू ड्रायव्हर, अ‍ॅलन की अशा ३१ हत्यारांच्या आकृत्या काळ्या मार्करने काढलेल्या आहेत आणि प्रत्येक आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं आहे. एखादं जागेवर नसलं की त्याची रिकामी आकृती जिन्यावरूनच दिसते. मंडळाची पोरं खाली पिंगपाँग खेळायला येतात तेव्हा एखादा हमखास विचारतो, "काका, हा पोलिसांचा पंचनामा आहे का?" मी हसून वेळ मारून नेतो, कारण खरं उत्तर जरा लांबलचक आहे. यंदा संपादकांनी लिहाच म्हटलं, म्हणून ते इथे देतो.

२०२४च्या एप्रिलमध्ये बाबा आमच्याकडे ओहायोला आले. याआधी ते तीनदा आले होते, पण तिन्ही वेळा आई बरोबर होती. आई बोलायची आणि बाबा ऐकायचे, अशी त्यांची वाटणी होती. आई गेल्यानंतरची ही पहिलीच फेरी. घरात मी आणि बाबा समोरासमोर बसलो की नाशिकला पाऊस किती, टोमॅटोला भाव काय, एवढ्यावर बोलणं संपायचं. ते सकाळी फिरून यायचे, टॅबवर पेपर वाचायचे आणि साडेदहाला त्यांचा दिवस संपलेला असायचा. तीन आठवड्यांनी बायको मला म्हणाली, "बाबांना काहीतरी काम दे. नाहीतर ते तिकीट बदलून परत जातील."

माझ्याकडे देण्यासारखं एकच काम होतं, आणि ते अर्धवट अवस्थेत बेसमेंटमध्ये पडलं होतं.

रिमोटचं विमान म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वाढदिवसाला मिळतं ते खेळणं येतं. मी गेली आठ वर्षं जे उडवतो ते कसरतींच्या स्पर्धेचं विमान. त्याला इथे 'पॅटर्न' म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियम असा, की विमानाची लांबी आणि पंखांचा पसारा प्रत्येकी दोन मीटरच्या आत हवा आणि वजन बॅटरीसकट पाच किलोच्या आत. समोरच्या आकाशात एक अदृश्य चौकट असते. मध्यापासून डावीकडे ६० अंश, उजवीकडे ६० अंश आणि वर ६० अंश. त्या चौकटीत, आपल्यापासून साधारण दीडशे मीटर अंतरावर, ठरलेल्या क्रमाने कसरती करायच्या. मागे खुर्च्या टाकून परीक्षक बसतात. प्रत्येक कसरत दहा गुणांपासून सुरू होते आणि चूक दिसेल तसे गुण कापले जातात. सुमारे १५ अंशांच्या तिरकेपणाला एक गुण, असा ढोबळ हिशेब. कसरत जितकी अवघड तितका तिचा गुणक मोठा.

नवख्या माणसाला वाटतं, कोलांट्या मारणं कठीण. कोलांट्या कुठलंही विमान मारतं. कठीण असतं ते दोन कोलांट्यांमधली रेषा सरळ ठेवणं. त्यामुळे या विमानाचा सगळा आटापिटा एवढ्यासाठीच असतो, की त्याने स्वतःच्या मनाने काहीही करू नये. सरळ सोडलं तर सरळ, उलटं धरलं तर उलटं, उभं चढवलं तर उभं. पंखाचा छेद वरून-खालून सारखाच असतो, म्हणजे सुलटं आणि उलटं यात विमानाने फरक करू नये. पोट चांगलं खोल असतं, कारण विमान कुशीवर उडतं तेव्हा पंख कामाचे नसतात आणि त्या उभ्या पोटावरच त्याला तरून राहावं लागतं. पंख आणि शेपटी एकमेकांशी जवळजवळ शून्य अंशात बसवायची. मोटर मात्र मुद्दाम दोन-तीन अंश उजवीकडे वळवायची, कारण पंख्यामागून गिरक्या घेत येणारी हवा शेपटीच्या उभ्या पात्यावर एका बाजूने आपटते आणि विमानाला डावीकडे ओढते.

माझा सांगाडा फायबरग्लासचा, तयार आणलेला होता. पंख मात्र मी स्वतः करत होतो. थर्मोकोलसारखा फोम तापलेल्या तारेने कापून त्यावर दीड मिलिमीटर जाडीची बाल्साची पातळ साल एपॉक्सीने चिकटवायची. ती वाळेपर्यंत रात्रभर सपाट टेबलावर वजनाखाली दाबून ठेवायची. वजनाला मी इंडियन स्टोअरच्या बासमतीच्या २० पौंडी पिशव्या वापरायचो. बायकोची त्यावर वेगळी मतं आहेत.

बाबा खाली आले. त्यांनी तयार झालेल्या एका पंखाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग टेबलावर स्पिरिट लेव्हल ठेवली, चारही बाजूंनी फिरवून पाहिली आणि म्हणाले, "टेबलच वाकडं आहे."

"थोडंसं असेल."

"पंखही मग थोडासाच वाकडा झाला असेल."

त्या दिवशी त्यांनी टेबलाच्या पायांखाली जुन्या पत्त्यांचे तुकडे सरकवून ते पातळीत आणलं. दुसऱ्या दिवशी मुलीची शाळेची वही मागून घेतली, तिच्यात उभे रकाने आखले आणि मला विचारलं, "वजनाचं काय?"

मी म्हटलं, "शेवटी बघू."

"शेवटी बघून काय करणार?"

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा खाली आला. बाबांनी बॅटऱ्या, मोटर, पंखा, पाच सर्वो, चाकं, तारा, बिजागऱ्या, स्क्रूसुद्धा एकेक करून तोलले. दोन बॅटऱ्या मिळून ३७ व्होल्ट आणि वजन १,१९० ग्रॅम, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा त्यातच गेला. बेरीज झाली तेव्हा विमान अजून पुरतं बनलंही नव्हतं आणि वहीत ते ५,०४० ग्रॅम भरत होतं.

मी म्हटलं, "बाबा, आमच्या इथल्या छोट्या स्पर्धेत कुणी काटा लावत नाही."

"नियम काट्यासाठी असतो का?" एवढंच म्हणून ते पुन्हा वहीत बघायला लागले.

पुढचे दोन महिने आम्ही ग्रॅमच्या मागे लागलो. दुसरा पंख करताना एपॉक्सी सालीवर पसरली आणि बाद झालेल्या क्रेडिट कार्डाने जवळजवळ सगळी खरवडून परत काढली. बाबा म्हणायचे, गोंद जास्त झाला म्हणून जोड मजबूत होत नाही, नुसता जड होतो. पहिला पंख त्यांच्या सांगण्यावरून मी टाकून दिला. चाळीस तासांचं काम होतं ते, मला दोन दिवस जेवण गेलं नाही. शेपटीकडे तर ते सोनारासारखे बघायचे, कारण शेपटी लांब असते आणि तिथे वाढलेला एक ग्रॅम तोल सांभाळायला नाकात दोन-तीन ग्रॅम मागतो. शेपटी बसवताना त्यांनी ताण न खाणारा जाड दोरा घेतला, शेपटीच्या टोकापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत ताणला आणि दोन्ही अंतरं जुळेपर्यंत मला गोंद लावू दिला नाही. ती जुळवायला दुपार गेली. फरक तीन मिलिमीटरचा होता.

आता बाबांविषयी सांगायला हवं. बाबा ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये फिटर होते. १९६९ साली लागले आणि मिग-२१ ते मिग-२७ असा सगळा काळ त्यांनी जुळणीच्या शेडमध्ये काढला. मी टाउनशिपमध्येच वाढलो. डोक्यावरून विमान गेलं की शाळेतले मास्तर वाक्य अर्धवट सोडून थांबायचे आणि आवाज गेला की तिथूनच पुढे बोलायला लागायचे. पण बाबा त्या शेडमध्ये नेमकं काय करतात, हे आम्हाला घरी कधीच कळलं नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं. "काम असतं."

जूनमध्ये मी त्यांना डेटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात घेऊन गेलो. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. राइट बंधूंचं सायकलचं दुकान याच गावातलं, त्यामुळे इथल्या मातीला विमानांचं कौतुक आहे. तिथे शीतयुद्धाच्या दालनात एक मिग-२१ पीएफ उभं आहे. भारतात बाबांच्या कारखान्यात सुरुवातीला बनलं ते मिग-२१ एफएल याचंच भावंड. बाबा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. मग ७७ वर्षांचा माणूस गुडघ्यांवर हात टेकत खाली बसला आणि त्याच्या पोटाकडे पाहत राहिला. एक म्हातारा अमेरिकन स्वयंसेवक काळजीने जवळ आला. बाबा उठले, विमानाकडे बोट दाखवून म्हणाले, "आय मेक धिस." त्या माणसाला क्षणभर कळेना. मी समजावून सांगितलं. त्याने टोपी काढली, बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

परतताना गाडीत बाबा बोलायला लागले. न विचारता. म्हणाले, इतकी वर्षं विमानं बांधली, पण हवेत कधी एकाही विमानात बसलो नाही. चाचणीला विमान वर गेलं की शेडमधली माणसं चहाला जायची. "मला चहा जात नसे. उतरल्याचं कळलं की मग जायचो."

आणि मग त्यांनी हत्यारांचं सांगितलं. पाळी संपली की प्रत्येकाने आपली हत्यारं फळीवरच्या आकृत्यांवर परत लावायची. एक जरी कमी असलं तरी कुणी घरी जायचं नाही. हरवलेलं हत्यार विमानाच्या पोटात राहिलं असेल आणि आकाशात कुठल्या दांड्यामागे अडकलं, तर आत बसलेला माणूस परत येणार नाही. एकदा एक बोटभर ड्रिल बिट सापडेना. रात्री नऊपर्यंत शोधाशोध चालली. शेवटी एकाच्या डगल्याच्या फाटलेल्या खिशातून ते अस्तरात गेलेलं सापडलं.

"तुझं गॅदरिंग होतं त्या दिवशी," बाबा म्हणाले. "तू वासुदेव झाला होतास."

मी चौथीत होतो. मोरपिसांची टोपी घालून रंगमंचावरून पहिल्या दोन रांगा शोधल्या होत्या आणि आईशेजारची खुर्ची रिकामी होती. ते मी विसरलो नव्हतो. पण ते बाबांच्याही लक्षात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलो. थोड्या वेळाने विचारलं, "तेव्हा सांगितलं का नाहीत?" ते म्हणाले, "सांगून गॅदरिंग परत होणार होतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून प्लायवूड आणायला लावलं.

ऑगस्टमध्ये विमान पुरं झालं. पांढरं, पंखांच्या वरच्या बाजूला भगवे आणि खालच्या बाजूला निळे पट्टे, म्हणजे लांबून सुलटं-उलटं ओळखू यावं. काट्यावर ४,९६२ ग्रॅम. बाबांनी आकडा वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटली. पुढच्या तीन आठवड्यांत मी त्यावर साठेक उड्डाणं केली. प्रत्येक उड्डाणानंतर मी म्हणायचो, "मस्त." बाबा म्हणायचे, "उभं जाताना किंचित पोटाकडे कलतं." मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या त्यांच्या डोळ्यांना ते दीडशे मीटरवरून दिसायचं, मला दिसायचं नाही. मोटरच्या मागे वॉशर घालून आम्ही ते काढलं.

स्पर्धा शनिवार-रविवारी होती, शेजारच्या राज्यातल्या एका क्लबच्या मैदानावर. शुक्रवारी रात्री सगळं बांधाबांध करून झालं. पहाटे पाचला निघायचं होतं. बाबा फळीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "दीडची अ‍ॅलन की कुठे आहे?"

आकृती रिकामी होती. दीड मिलिमीटरची, बोटाएवढी किल्ली. त्या संध्याकाळी मी तिनेच शेपटीतल्या सर्वोचे स्क्रू आवळले होते.

आम्ही टेबल पाहिलं, जमीन पाहिली, माझे खिसे पाहिले. साडेदहा झाले. मी म्हटलं, "असेल कुठेतरी. सकाळी दुसरी घेऊ."

"दुसरी घेऊन ही सापडणार का?"

"बाबा, विमान हलवून पाहिलं, आवाज येत नाही."

"फोममध्ये अडकली तर येणार नाही."

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "हे मिग नाही, बाबा. आत कुणी बसणार नाहीये." म्हणताक्षणी वाटलं, गिळून टाकावं. बाबा काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून विमानाशेजारी बसले. थोड्या वेळाने शांतपणे म्हणाले, "मैदानावर माणसं असतील ना?"

पाच किलोचं विमान ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. मी पंख उतरवले. बॅटरीचा कप्पा काढला, वरचं झाकण काढलं, टॉर्च घेऊन आतली प्रत्येक पट्टी तपासली. शेपटीचे सर्वो, जे सबंध संध्याकाळ मी बसवले होते, ते पुन्हा बाहेर काढले. बाबा टॉर्च धरून होते आणि मी एकेक भाग मोकळा करत होतो. पावणेएकला किल्ली सापडली. विमानात नव्हतीच. ज्या फोमच्या घोडीवर विमान उलटं ठेवतो, तिच्या फटीत उभी रुतून बसली होती.

मला चढलेला राग अजून उतरला नव्हता. म्हटलं, "बघा. विमानात नव्हती."

बाबांनी किल्ली पुसली, फळीवर लावली. म्हणाले, "आता माहीत आहे. मघाशी माहीत नव्हतं."

दोन वाजेपर्यंत आम्ही सगळं परत जोडलं. बाबांनी ३१ हत्यारं मोजली आणि मग झोपायला गेले.

या स्पर्धेत वैमानिकाच्या पाठीशी एक मदतनीस उभा राहू शकतो. पुढची कसरत कोणती ते तो सांगत राहतो, कारण उडवणाऱ्याने विमानावरून नजर काढायची नसते. माझा नेहमीचा मदतनीस आजारी पडला होता. बाबा म्हणाले, मी सांगतो. सगळा क्रम त्यांनी त्याच वहीत स्वतःच्या मराठीत उतरवून घेतला होता. रोल म्हणजे 'कूस', लूप म्हणजे 'गोल', स्टॉल टर्न म्हणजे 'वर जाऊन थांबणं'. मक्याच्या शेतांनी वेढलेल्या त्या मैदानावर माझ्या उजव्या खांद्यामागून नाशिकचा आवाज येत राहिला. "पंख बघ, डावा वर आहे. हां. आता ओढ. उभं. अर्धी कूस. धर... धर... आता आडवं." आमच्यामागच्या परीक्षकांच्या भुवया पहिल्यांदा वर गेल्या, मग त्यांनाही सवय झाली.

वारा आडवा होता. अशा वाऱ्यात विमानाचं नाक वाऱ्याकडे थोडं तिरकं ठेवावं लागतं, तेव्हा कुठे त्याचा मार्ग सरळ राहतो. परीक्षक मार्ग बघतात, नाक नव्हे. स्टॉल टर्नला विमान उभं चढवायचं, वेग संपत आला की ते जवळजवळ थांबतं, त्या क्षणी शेपटीचं पातं पूर्ण वळवून जागच्या जागी वळवायचं आणि त्याच रेषेने खाली आणायचं. एक निमिष आधी वळवलं तर कमान दिसते, उशीर झाला तर विमान पाठीमागे घसरतं. मी नेहमी घाई करतो. बाबा मागून म्हणाले, "थांब. थांब. आता." आयुष्यात पहिल्यांदा त्या कसरतीला मला साडेआठ गुण मिळाले.

दुसऱ्या फेरीत मात्र एक कसरत सुटली. बाबांकडून वहीची दोन पानं एकदम उलटली गेली आणि मी ते सांगतील तसा पुढे गेलो. सुटलेल्या कसरतीला शून्य. विमान उतरवून मी वळलो तर ते तिथेच उभे होते. म्हणाले, "माझी चूक. दोन पानं उलटली." त्यांनी वाऱ्याला दोष दिला नाही, चष्म्यालाही नाही. पुढच्या फेरीआधी त्यांनी प्रत्येक पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता.

सहा फेऱ्यांतल्या उत्तम चार धरल्या. माझ्या वर्गात पाच जण होते, त्यात मी तिसरा आलो. लाकडी चकती मिळाली, ती बाबांनी नाशिकला नेली. ऑक्टोबरमध्ये दिवाळीआधी ते परतले. विमानतळावर मी वाकलो तेव्हा त्यांनी नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पहिला पंख टाकायला लावला, वाईट वाटलं असेल तुला." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मला वाटलं होतं."

२०२५च्या सप्टेंबरच्या २६ तारखेला भारतीय हवाई दलाने चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला. १९६३पासूनची ६२ वर्षांची सेवा संपली. इथे मध्यरात्र होती. मी व्हिडिओ कॉल लावला, तर बाबा टीव्हीसमोर, अंगात इस्त्रीचा शर्ट. आम्ही फारसं बोललो नाही. ते टीव्ही बघत होते आणि मी त्यांना. शेजारी स्टुलावर चहाचा कप होता, साय धरलेला. बऱ्याच वेळाने त्यांनी तो उचलला.

"उतरली सगळी," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तू मोजतोस ना रे?"

"मोजतो," मी म्हटलं. "३१."